नॉस्टिक ग्रंथ आणि पाश्चात्त्य गूढविद्या : वाचन कुठून आणि कोणत्या क्रमाने करावे

या विषयाकडे माणूस बहुधा आडवाटेने येतो. कुणी मानसशास्त्रज्ञ युंग वाचताना, कुणी एखाद्या थरारक कादंबरीमुळे, कुणी टॅरोच्या पत्त्यांमुळे. मग शोधाशोध सुरू होते आणि नाग हम्मादी, हर्मीस, कबाला, रोझिक्रुशियन, फ्रीमेसन, ब्लाव्हाट्स्की, क्रॉली ही सगळी नावे एकदम अंगावर येतात. हे सगळे एकाच प्राचीन गुप्त ज्ञानाचे तुकडे आहेत, असे ठासून सांगणारेही लगेच भेटतात. उत्साही वाचकाचे सर्वांत जास्त नुकसान या एका विधानाने होते. ते खरे मानले की कोणताही ग्रंथ नीट वाचायची गरजच उरत नाही, सगळ्याचे सार आधीच हातात आल्यासारखे वाटते.

म्हणून इथे एक क्रम सुचवला आहे. नॉस्टिक म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले, सुटका ज्ञानाने होते असे मानणारे पंथ; सुरुवात त्यांच्यापासून आहे. आधी मूळ ग्रंथ, मग त्यांच्या विरोधकांनी लिहिलेले, मग आधुनिक अभ्यासक, आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या गूढवाद्यांची पुस्तके सर्वांत शेवटी. पुस्तकांच्या दुकानात आणि इंटरनेटवर हा क्रम नेमका उलटा दिसतो. इथे सुचवलेली भाषांतरे इंग्रजीत आहेत, त्यामुळे सावकाश का होईना, इंग्रजी वाचता येते हे गृहीत धरले आहे.

काय सापडले, आणि त्याआधी काय होते

डिसेंबर १९४५ मध्ये वरच्या इजिप्तमध्ये, नाग हम्मादी गावाजवळच्या जबल अल-तारिफ डोंगराच्या पायथ्याशी, स्थानिक शेतकऱ्यांना चामडी वेष्टनातल्या पपायरसच्या पोथ्या मिळाल्या. आज त्यांची गणना तेरा केली जाते. बारा पोथ्या आहेत आणि तेराव्या पोथीची काही पाने सहाव्या पोथीत सरकवलेली होती. भाषा कॉप्टिक, म्हणजे इजिप्तची जुनी भाषा, पण आतले पन्नासच्या आसपास लेख मूळ ग्रीकमधून भाषांतरित झालेले. पोथ्या चौथ्या शतकातल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच लेखांचे मूळ मात्र दुसऱ्या-तिसऱ्या शतकापर्यंत मागे जाते. या पोथ्या आता कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत. जेम्स रॉबिन्सन यांच्या संपादनाखाली सगळ्या लेखांचे इंग्रजी भाषांतर १९७७ मध्ये एका खंडात आले.

शोधाची जी कथा सर्वत्र सांगितली जाते, म्हणजे सीलबंद रांजण, तो फोडायला घाबरणारा शेतकरी, चुलीत पाने जाळणारी त्याची आई, ती रॉबिन्सन यांनी अनेक वर्षांनंतर घेतलेल्या मुलाखतींवर उभी आहे. तिच्या तपशिलांवर अलीकडच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. कथा वाचा, पण तिच्या आधारावर काही बांधू नका.

१९४५ पूर्वी नॉस्टिकांचे स्वतःचे लेखन अगदी थोडे उपलब्ध होते. ब्रिटिश म्युझियमने १७८५ मध्ये विकत घेतलेली ‘पिस्टिस सोफिया’ची पोथी आणि १८९६ मध्ये कैरोत घेतलेली, पण १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली बर्लिनची पोथी ही त्यांतली ठळक उदाहरणे. बाकी सगळी माहिती विरोधकांची होती, विशेषतः ल्योंचे बिशप आयरेनेअस यांनी इ. स. १८० च्या सुमारास लिहिलेल्या खंडनग्रंथाची. ही स्थिती मराठी वाचकाला कळायला अवघड नाही. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत बंद होते तोवर त्यांच्याविषयी जे प्रवाद पसरले होते, ते राजवाडे-भावे यांच्या पिढीने ग्रंथ उलगडल्यावर तपासता आले. इथेही तसेच घडले, फक्त मधे पंधराशेहून अधिक वर्षे गेली.

पहिली पायरी: तीन छोटी वाचने, मूळ ग्रंथांच्याही आधी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग मूळ ग्रंथ त्यांना निव्वळ विचित्र नावांची यादी वाटतो. मराठी बायबल काढा. त्यातले ‘उत्पत्ती’चे पहिले तीन अध्याय आणि ‘निर्गम’चा विसावा अध्याय वाचा. त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय. वाचताना काही गोष्टींवर खूण करा. देव ‘आपण मनुष्य करू’ असे अनेकवचनात बोलतो. तो बागेत फिरतो आणि आदामाला विचारतो, तू कोठे आहेस. ज्ञानाच्या झाडाचे फळ खायला मनाई करतो. आणि ‘निर्गम’मध्ये स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो.

आता प्लेटोचा ‘टायमीअस’ घ्या. सगळा नको, जगाची रचना करणाऱ्या कारागिराचे वर्णन सुरू होते तिथली काही पाने पुरेत. तिथे प्लेटो सांगतो की हा रचनाकार चांगला होता, आणि जो चांगला असतो त्याच्या ठिकाणी मत्सर कधीच नसतो.

दुसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियासारख्या शहरात राहणाऱ्या, दोन्ही पुस्तके आदराने वाचणाऱ्या माणसासमोर हा पेच होता. एका पुस्तकातला निर्माता निर्मत्सर, दुसऱ्यातला स्वतःच्या तोंडाने ईर्ष्या कबूल करणारा. नॉस्टिक पुराणकथा या पेचातून वाट काढते. तिचे उत्तर असे की हे दृश्य जग ज्याने घडवले तो सर्वोच्च देव नव्हेच, तो खालच्या दर्जाचा, अज्ञानी रचनाकार आहे. खरा देव त्याच्याही पलीकडे आहे आणि त्याच्या प्रकाशाचा अंश माणसात अडकला आहे. या पंथांतला विचार समजायला माझ्या मते याहून चांगला दरवाजा नाही.

दुसरी पायरी: योहानाचे गुप्त पुस्तक

लोक सहसा थोमाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करतात. ते छोटे आहे, येशूची ११४ वचने आहेत, वाचायला सोपे वाटते. तरीही सुरुवात तिथून करू नका. ते नॉस्टिक म्हणावे की नाही यावरच अभ्यासकांचे एकमत नाही. शिवाय वचने सुटी असल्यामुळे वाचक त्यांत स्वतःला हवे ते भरतो. त्याला नंतर या.

पहिला ग्रंथ म्हणून ‘अपॉक्रिफॉन ऑफ जॉन’ घ्या. ‘सिक्रेट बुक ऑफ जॉन’ या नावानेही तो सापडेल. नाग हम्मादीच्या संग्रहात त्याच्या तीन प्रती आहेत आणि बर्लिनच्या पोथीत चौथी, यावरून तो किती वाचला जात होता याची कल्पना येते. त्यात संपूर्ण कथा सलग मिळते. अवर्णनीय परमात्मा, त्याच्यापासून प्रकटलेली बार्बेलो, मग प्रकाशलोकातल्या शक्तींची मालिका. त्या मालिकेच्या शेवटची सोफिया जोडीदाराच्या संमतीशिवाय निर्मिती करायला जाते आणि तिच्यापासून सिंहमुखी सर्परूप याल्डाबाओथ जन्मतो. तो आपले जग रचतो आणि घोषणा करतो की मी ईर्ष्यावान देव आहे, माझ्याशिवाय दुसरा देव नाही. यावर ग्रंथकर्त्याचा शेरा असा, की दुसरा कुणी नसेलच तर हा ईर्ष्या कोणाची करतो? ‘निर्गम’ ताजे वाचलेले असेल तर या ओळीची धार लगेच जाणवते.

पहिल्या वाचनात दोन ठिकाणी अडखळायला होते. सुरुवातीला परमात्मा काय नाही हे सांगणारा लांब भाग येतो. तो घाईत वाचू नका, ती स्तुतीच आहे आणि सुंदर आहे. दुसरी जागा म्हणजे आदामाच्या शरीराचा एकेक अवयव कोणत्या देवदूताने घडवला याची यादी. ती लांब प्रतीत पानेच्या पाने चालते. ती खुशाल सोडा, कथेला काही बाधा येत नाही.

वाचताना वहीत चार प्रश्न लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक ग्रंथाला तेच विचारा. सर्वोच्च कोण? हे जग कोणी केले, आणि ते करणारा दुष्ट आहे, अज्ञानी आहे की चांगला? माणूस इथे का अडकला? आणि सुटका कशाने होते? या चार उत्तरांतला फरक डोळ्यांसमोर राहिला की ‘सगळे एकच सांगतात’ हे वाक्य आपोआप ढिले पडते.

तिसरी पायरी: चार वेगळे आवाज

यानंतर ‘गॉस्पेल ऑफ ट्रुथ’ वाचा. याल्डाबाओथनंतर हा ग्रंथ वाचणे म्हणजे वेगळ्याच घरात पाऊल टाकणे आहे. इथे राक्षसी रचनाकार नाही. इथे विस्मरण आहे, धुक्यासारखी दाटलेली भीती आहे, आणि जाग आल्यावर विरून जाणारी दुःस्वप्ने आहेत. हा ग्रंथ व्हॅलेंटिनसच्या पंथाचा मानला जातो, काही जण तो त्याचाच मानतात. व्हॅलेंटिनस मूळचा इजिप्तचा, १४० च्या सुमारास रोममध्ये शिकवत होता आणि स्वतःला ख्रिस्तीच समजत होता. नॉस्टिक लेखन म्हणजे जगाविषयीचा कडवट तिरस्कार, ही समजूत या एका वाचनात डळमळते.

मग ‘थंडर, परफेक्ट माइंड’, म्हणजे एका दैवी स्त्रीवाणीने स्वतःविषयी केलेली परस्परविरोधी विधाने. ते मोठ्याने वाचा. त्याचा अर्थ लावण्याची घाई करू नका. त्यानंतर ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथातले मोत्याचे गीत. पूर्वेकडच्या राजाचा मुलगा सर्पाच्या राखणीतला मोती आणायला इजिप्तला जातो, तिथले अन्न खाऊन आपण कोण हे विसरतो, आणि घरून आलेले पत्र गरुडाच्या रूपाने येऊन त्याला जागे करते. हे गीत ज्या ग्रंथात आहे त्यात प्रेषित थोमा भारतात येतो आणि राजा गुंदाफोरसच्या दरबारात राहतो, म्हणून भारतीय वाचकाला संपूर्ण ग्रंथही वाचनीय वाटेल.

थोमाचे शुभवर्तमान आता वाचा. वचने सुटीच राहतील, पण तुमच्याकडे ती पारखायला काहीतरी असेल.

हे सगळे विकत घ्यायचे तर कोणते पुस्तक? एकच घ्यायचे असेल तर बेंटली लेटन यांचे १९८७ चे ‘द नॉस्टिक स्क्रिप्चर्स’. त्यात निवडक ग्रंथ पंथांनुसार मांडले आहेत, प्रत्येकाला प्रस्तावना आहे आणि विरोधकांचे उतारेही आहेत. संपूर्ण नाग हम्मादी हवे असेल तर मार्व्हिन मायर यांनी संपादित केलेला २००७ चा खंड. पैसे खर्च करायचे नसतील तर ‘नॉस्टिक सोसायटी लायब्ररी’ या संकेतस्थळावर बहुतेक भाषांतरे मोफत आहेत. एकाच उताऱ्याची दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावा. चौकोनी कंसात टिंबे दिसली तर तिथे पपायरस फाटलेला आहे असे समजा, आणि कंसात शब्द असेल तर तो संपादकाने अंदाजाने भरलेला आहे. एखाद्या मोठ्या दाव्याचा आधार नेमका कंसातला शब्द असतो, तेव्हा हे फार महत्त्वाचे ठरते. क्लेअरमाँट कॉलेजेसच्या डिजिटल ग्रंथालयात पोथ्यांची छायाचित्रे आहेत, फाटलेली पाने एकदा डोळ्यांनी पाहा.

चौथी पायरी: विरोधकाचे ऐकणे

आयरेनेअसच्या ‘अगेन्स्ट हेरेसीज’चे पाच भाग आहेत. तुम्हाला पहिलाच भाग पुरेल, त्यातही पहिले आठ अध्याय आणि एकोणतिसावा. पहिल्या आठांत व्हॅलेंटिनसच्या शिष्यांची मांडणी आहे. एकोणतिसाव्यात जे सांगितले आहे ते योहानाच्या गुप्त पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागाशी इतके जुळते की दोन्ही समोरासमोर ठेवता येतात. इथे थांबून हा अभ्यास मनापासून करा. विरोधकाने काय जसेच्या तसे दिले, काय गाळले, कुठे चेष्टेचा सूर लावला, हे स्वतः तपासायची अशी संधी प्राचीन धर्मांच्या अभ्यासात क्वचित मिळते. चौथ्या शतकातल्या एपिफानिअसने केलेले स्वैराचाराचे आरोपही पुढे कधीतरी वाचनात येतील. नाग हम्मादीच्या ग्रंथांचा कल मात्र उलट संयमाकडे, विरक्तीकडे झुकलेला आहे.

पाचवी पायरी: अभ्यासक आणि त्यांचे भांडण

इलेन पेगल्स यांचे १९७९ चे ‘द नॉस्टिक गॉस्पेल्स’ हे या विषयातले सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक असावे. ओघवते आहे आणि अधिकाराचा, स्त्रियांच्या स्थानाचा प्रश्न चर्चच्या इतिहासाशी जोडते. ते आता वाचा. मूळ ग्रंथांच्या आधी वाचले असते तर त्यांच्याच चष्म्यातून सगळे दिसले असते. हान्स योनास यांचे १९५८ चे ‘द नॉस्टिक रिलिजन’ वेगळ्या ताकदीचे आहे. परक्या जगात फेकल्या गेलेल्या माणसाची जाणीव त्यांनी जशी पकडली तशी फार थोड्यांनी पकडली. पण त्यांची मांडणी नाग हम्मादीचे फारसे हाती येण्याआधीची आहे, हे लक्षात ठेवा.

मग मायकल विल्यम्स यांनी १९९६ मध्ये मोठा प्रश्न उभा केला. ‘नॉस्टिसिझम’ नावाचा एक धर्म खरोखर होता का, की वेगवेगळ्या गटांवर आपण हे लेबल चिकटवले? कॅरन किंग यांनी २००३ मध्ये दाखवले की ही कल्पनाच मुळात चर्चच्या पाखंडविरोधी भाषेतून घडली. डेव्हिड ब्रॅकी यांनी २०१० मध्ये मधली वाट काढली. एक नेमका गट स्वतःला त्या नावाने ओळखत होता, बाकीच्यांना त्यात कोंबू नये, असे त्यांचे म्हणणे. मला ब्रॅकी यांची बाजू पटते, आणि त्यांचे पुस्तक छोटेही आहे. तिघांपैकी एकच वाचायचे तर तेच.

इराक-इराणमधले मँडियन लोक आजही वाहत्या पाण्यातल्या स्नानविधीसह आपला धर्म पाळतात. २००३ नंतर त्यांतल्या अनेकांना देश सोडावा लागला. प्राचीन नॉस्टिक पंथांशी नाते सांगता येईल असा हा जिवंत समाज आहे. त्यांच्याविषयी वाचताना ‘लुप्त पंथ’ हे शब्द वापरू नयेत.

सहावी पायरी: हर्मीसकडे वळणे

‘पाश्चात्त्य गूढविद्या’ म्हणून जे ओळखले जाते त्याचा मोठा प्रवाह नॉस्टिकांपेक्षा हर्मीस ट्रिसमेजिस्टस या पौराणिक ज्ञानपुरुषाच्या नावावरच्या ग्रंथांतून वाहतो. १४६० च्या सुमारास या ग्रंथांचे एक ग्रीक हस्तलिखित फ्लोरेन्सला आले. तिथला सत्ताधीश कोसिमो दे मेदिची म्हातारा झाला होता. त्याने विद्वान मार्सिलिओ फिचिनोला प्लेटोचे भाषांतर बाजूला ठेवून आधी हे करायला सांगितले. १४६३ मध्ये ते पूर्ण झाले, १४७१ मध्ये छापले गेले. हे मोझेसच्या काळचे ज्ञान आहे असा सगळ्यांचा समज होता. १६१४ मध्ये आयझॅक कॅसोबोनने भाषेच्या पुराव्यावरून दाखवले की हे लेखन ख्रिस्तानंतरच्या शतकांतले आहे. गूढविद्येच्या इतिहासात या दीडशे वर्षांना फार महत्त्व आहे. तेवढ्या काळात चुकीच्या कालनिर्णयावर विश्वास ठेवून युरोपातल्या उत्तम बुद्धीच्या माणसांनी खरोखर मोठे काम उभे केले.

ब्रायन कोपेनहेव्हर यांचे १९९२ चे भाषांतर घ्या, टिपांसह. पहिला लेख ‘पॉइमँड्रीस’ आणि तेरावा, एवढे दोन आधी. वहीतले चार प्रश्न पुन्हा विचारा. इथे जग कैदखाना नाही, पुष्कळ ठिकाणी ते देवाचे सुंदर अपत्य आहे. तरीही नाग हम्मादीच्या सहाव्या पोथीत हर्मीसचे लेख आहेत, म्हणजे कुणीतरी दोन्ही एकत्र जपले होते. साम्य आणि भेद असे एकाच वेळी हातात धरता आले की तुम्ही या विषयात स्थिरावलात.

सातवी पायरी: नकाशा, मग एकच फांदी

आता सबंध प्रदेशाचा नकाशा हवा. वाउटर हानेग्राफ यांचे २०१३ चे ‘वेस्टर्न एसोटेरिसिझम: अ गाइड फॉर द परप्लेक्स्ड’ त्यासाठी सर्वांत चांगले. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात या विषयाचे अध्यासन १९९९ मध्ये सुरू झाले तेव्हापासून ते तिथे होते. त्यांचा मुद्दा असा की ‘गूढविद्या’ हा वर्गच प्रॉटेस्टंट धर्मशास्त्री आणि नंतरच्या प्रबोधनकाळातल्या (एनलाइटनमेंट) विचारवंतांनी नाकारलेल्या ज्ञानाचा ढीग म्हणून तयार झाला. फ्रान्सिस येट्स यांचे १९६४ चे, सोळाव्या शतकातला विचारवंत जोर्दानो ब्रूनो याच्यावरचे पुस्तक अजूनही वाचायला रोमांचक आहे, पण त्यातल्या बऱ्याच निष्कर्षांवर नंतर दुरुस्त्या झाल्या आहेत.

नकाशा पाहिल्यावर एकच फांदी निवडा आणि सहा महिने तिच्यावरच राहा. कबाला, म्हणजे ज्यूंची गूढ परंपरा, घेतलीत तर गेर्शोम शोलेम यांचे १९४१ चे ‘मेजर ट्रेंड्स इन ज्यूइश मिस्टिसिझम’ आधी. ज्यूंची कबाला आणि ख्रिस्ती विद्वानांनी तिच्यातून उचललेले रूप हे वेगळे ठेवा. किमयेसाठी (अल्केमी) लॉरेन्स प्रिन्सिपी यांचे २०१३ चे पुस्तक. ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ आहेत आणि जुन्या कृती प्रयोगशाळेत करून पाहतात, त्यामुळे किमया म्हणजे फक्त मनाची रूपके हा समज टिकत नाही. रोझिक्रुशियन, म्हणजे गुप्त बंधुसंघाची कल्पना मांडणारे, आवडत असतील तर १६१४, १६१५ आणि १६१६ ची तीन मूळ पत्रके वाचली की पुष्कळ झाले. टॅरोचा अभ्यास करायचा असेल तर १९०९ चा वेट आणि पामेला कोलमन स्मिथ यांचा संच, आणि त्याच्या मागची १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेली ‘गोल्डन डॉन’ ही गूढविद्येची संघटना.

पैसे घेऊन ‘गुप्त दीक्षा’ देणारे गट याच टप्प्यावर दिसू लागतात. वाचनासाठी दीक्षेची गरज नाही.

शेवटी: मुंबईमार्गे आलेला गैरसमज

भारतीय वाचकाला हे ग्रंथ वाचताना वेदान्त आठवतो, माया आठवते. तुलना जरूर करा, पण वर सांगितलेले ग्रंथ पूर्ण झाल्यावर. कारण ही तुलना आपल्याला इतकी सहज सुचते यामागे एक इतिहास आहे आणि तो मुंबईत घडला. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली थिऑसॉफिकल सोसायटी फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत आली. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट गिरगावात राहिले, काही काळ स्वामी दयानंदांच्या आर्य समाजाशी जोडले गेले, आणि डिसेंबर १८८२ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला गेले. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच गुप्त ज्ञान आहे हे त्यांचे सूत्र इथल्या सुशिक्षितांत खोलवर रुजले. ‘पिस्टिस सोफिया’चे १८९६ चे इंग्रजी भाषांतर करणारे जी. आर. एस. मीड हे ब्लाव्हाट्स्कींचे सचिव होते. म्हणजे नॉस्टिक ग्रंथ इंग्रजी वाचणाऱ्यांच्या हाती आले तेच बरेचसे या चौकटीत बसून आले.

म्हणून ब्लाव्हाट्स्कींची ‘आयसिस अनव्हेल्ड’ आणि ‘सिक्रेट डॉक्ट्रिन’ ही पुस्तके प्राचीन पंथांची माहिती म्हणून वाचू नका, एकोणिसाव्या शतकाचा दस्तऐवज म्हणून वाचा. युंगचे १९१६ चे ‘मृतांना सात प्रवचने’ तसेच. त्यावर दुसऱ्या शतकातला नॉस्टिक गुरू बॅसिलिडीस याचे नाव असले तरी त्यात युंग आहे. अशा वाचनाने ही पुस्तके छोटी होत नाहीत, उलट त्यांचे खरे कर्तृत्व दिसते. सुरुवातीसाठी मात्र ती जाडजूड पुस्तके नकोत. तेव्हा मुंबईहून निघणाऱ्या ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत मिळतात. ऑक्टोबर १८७९ चा पहिला अंक उघडा. त्यात दयानंदांचे आत्मचरित्र सुरू होते.